ओवीचं काडाचं झुंबर

एस्पो, फिनलंड
१२ डिसेंबर

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर घाईत राहून गेलं, म्हणून लिहायला बसले. ओवीने शाळेत हिम्मेली केली. राय नावाच्या धान्याच्या काडाचं हे इकडचं जुनं झुंबर. नाताळात जेवणाच्या टेबलावर टांगतात. पीक चांगलं यावं म्हणून पूर्वी ते थेट जूनमधल्या सणापर्यंत उतरवत नसत.

बाईंनी आधी चार-चार काडं दिली. दोऱ्यात ओवून चौकोन केला, तर बोट लावलं की तो कलंडायचा. तीन काडांचा त्रिकोण मात्र दाबला तरी हलेना. का, ते बाईंनी सांगितलं नाही. मुलांना आपसांत वाद घालू दिला. मग १२ सेंटिमीटरचे १२ तुकडे जोडून आठ त्रिकोणांचं घर उभं केलं. ओवीचा एक तुकडा ४ मिलिमीटर आखूड निघाला आणि अख्खं घर वाकडं झालं. रडवेली झाली, पण सगळं सोडवून पुन्हा मापायला बसली. आत टांगायला ६ सेंटिमीटरचं पिल्लू केलं, त्याला काड निम्मं लागलं. यावर कागद चिकटवायचा तर तोही निम्मा लागेल का, बाईंनी विचारलं. सगळे हो म्हणाले. कापून पाहिला, तर पाव पुरला!

मला आपला दिवाळीचा कंदील आठवला. कामट्यांच्या चौकटीत तिरकी कामटी बांधल्याशिवाय तुम्ही खळीला हात लावू द्यायचा नाहीत. "वाऱ्यात मान टाकेल," म्हणायचात. त्या तिरक्या कामटीने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, हे मला आत्ता ओवीच्या शेजारी बसून कळलं.

व्हॉट्सॲपवर फिरतं तसं फिनलंडने विषय रद्द केलेले नाहीत. गणिताचा तास वेगळा आहेच. २०१६ पासूनच्या अभ्यासक्रमात प्रत्येक शाळेला वर्षातून निदान एकदा तरी असं विषय एकत्र गुंफून शिकवावं लागतं. हस्तकला तर इथे १८६६ पासून शाळेत आहे, उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञामुळे. मुलगे शिवतात, मुली करवत चालवतात. तुम्ही म्हणाल, गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली तेव्हा हातातूनच शिकवायचं म्हटलं होतं. खरंच आहे. पण जानेवारी उजाडला की तुमचा कार्यानुभवाचा तास दहावीच्या गणिताला जायचा, आणि तुम्ही घरी येऊन न बोलता चहा घ्यायचात. ते मला अजून टोचतं, बाबा. जे गणित तिकडे पाठ करून घेत होते, ते तुमच्या तासाला मुलांच्या हातात होतं.

आता एक काम. पुढच्या दिवाळीला ओवीला करंज्यांचा कंदील करायचाय. उभी कामटी किती, तिरकी किती, करंजीचा कागद कसा कापायचा, सगळी मापं कळवा. फोनवर नको, आकृती काढून पाठवा. तिला तुमच्या हातची हवी आहे. झिरमिळ्या कशा कातरायच्या तेही लिहा, माझ्या नेहमी फाटायच्या.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावते ना, विचारा.

तुमची,
मेधा