कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्री मामांना, गाळाच्या पात्याबद्दल

मिस्त्री मामा, रामराम.

तुम्ही व्हॉट्सअॅप बघत नाही, तेव्हा हे तुमच्या मुलानं वाचून दाखवावं. सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम लिहिते आहे. आमच्या चिखली-आंबेवाडी भागात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी ‘ट्रॅक्टरला पुढून पातं बसवायचं’ हाच विषय आहे, आणि बरेच जण तुमच्याकडे न येताच बसवायला निघालेत.

पंचगंगेचं पाणी आम्हाला नवीन नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा तीच गत. पाणी ओसरलं की पुराच्या बातम्या संपतात आणि आमचं काम सुरू होतं. पाणंदीत गाळ, गोठ्यापुढं गाळ, गुऱ्हाळाच्या अंगणात गाळ. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गुळाचं चुलवाण पेटवायचं तर त्याआधी उसाची गाडी आत यायला वाट पाहिजे आणि पिळलेल्या उसाचं चिपाड वाळत घालायला अंगण पाहिजे. सासऱ्यांच्या काळी बैलांना केणी जुंपून गाळ ओढायचे. आता बैल नाहीत. जेसीबी बोलवावा, तर तो अख्ख्या तालुक्याला एकाच आठवड्यात हवा असतो. आलाच तर साडेसात टनांच्या आसपासचं ते धूड ओल्या पाणंदीत रुततं, आणि गाळाबरोबर खालचा मुरूमही खरवडून नेतं.

पुढच्या पात्याची कल्पना माझ्या भाच्याची. तो कॅनडात असतो. दारापुढचा बर्फ काढायला तिथं एटीव्हीला, म्हणजे जाड टायरांच्या त्या चारचाकी हँडलगाडीला, पुढं लोखंडी पातं लावतात. ‘आत्या, तुझ्या छोट्या ट्रॅक्टरला हे का नाही बसणार?’ म्हणून त्यानं व्हिडिओ पाठवला. तो घेऊन मी उद्यमनगर पालथं घातलं. सहा फुटी पातं आणि पुढच्या बंपरला वेल्डिंग, संध्याकाळी घेऊन जा, असं सांगणारेही भेटले. तुम्ही मात्र व्हिडिओ मध्येच थांबवलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, “वैनी, ते खरं, पण तुम्हाला ढकलायचं काय हाय?”

त्या प्रश्नाचे आभार आधी मानते, पात्याचे नंतर.

ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला जेमतेम शंभर किलो भरतो. ओला गाळ दीड टनाच्या वर जातो. म्हणजे भाच्याचं पातं जसंच्या तसं उचलून आणलं असतं, तर पत्रा तरी वाकला असता नाहीतर ट्रॅक्टर जागेवर चाकं फिरवत बसला असता. हे तुम्ही आकडेमोड न करता, हातातला खडू टेकवत सांगितलंत. मग वर्कशॉपच्या फरशीवर आमच्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या बाहेरच्या कडा आखल्यात. ४८ इंच. त्यापुढं पातं तिरकं आखलंत, कारण गाळ सरळ ढकलला तर पुढंच साठतो, तिरका धरला तर कडेला पडत जातो. तीस अंश तिरकं केलं की ६० इंची पातं प्रत्यक्षात ५२ इंचच वाट करतं. चाकांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सुटतात, आणि चाक साफ केलेल्या जागेवरूनच जातं. “पाचच फूट. सहा केलं तर फक्त फोटोत चांगलं दिसंल,” म्हणालात. मला सहा हवं होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

जोडायची जागा तर माझ्या डोक्यातही आली नसती. बंपर वजनं अडकवायला असतो, तिथं धक्का द्यायचा नसतो, असं म्हणत तुम्ही ट्रॅक्टरखाली आडवे झालात. पुढच्या अॅक्सलच्या मागं, क्लच हाउसिंगच्या अंगाला कंपनीनं आटे पाडलेली भोकं ठेवलेलीच होती. त्यातच ब्रॅकेट आवळलेत, एकही नवीन भोक पाडलं नाहीत. वेल्डिंगचा तर विषयच नको, हाउसिंग ओतीव लोखंडाचं: “बीड हाय ते. धरत न्हाई, आणि धरलं तर शेजारी तडकतंय.” फाउंड्रीच्या गावात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही, पण घाईत विसरणारेही इथंच आहेत. पात्याच्या दोन भुजा खालून जाऊन त्या ब्रॅकेटला पिनांनी अडकतात. दोन पिना काढल्या की पातं खाली, ट्रॅक्टर मोकळा.

पातंही तुम्ही नवीन पत्रा वाकवून केलं नाहीत. उपसा योजनेच्या जुन्या पाइपचा तुकडा कोपऱ्यात पडला होता, तो उभा चिरलात. बाक आयताच मिळाला. त्या बाकामुळं गाळ पात्यावरून मागं न सांडता पुढं गुंडाळत जातो. मागून आडव्या-उभ्या पट्ट्या दिल्यात. खालची धार कमानपाट्याची, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची, आणि ती बोल्टांनी. कमानपाट्याला वेल्डिंग केलं की जोडाजवळ तुकडा पडतो, म्हणून भोकं पाडत बसलात, ड्रिल जळलं तरी. वर म्हणालात, एक कड झिजली की पट्टी उलटी करा, दुसरी कड नवीच.

बर्फाच्या पात्याच्या दोन गोष्टी तुम्ही आवडीनं उचलल्यात. एक, मागच्या स्प्रिंगा: दगड लागला की पात्याचं खालचं अंग मागं दबतं, दगड गेला की परत जागेवर. आपल्या जड गाळाला तुम्ही त्या चांगल्या ताठ घेतल्यात. दुसरी, खालचे बूट, ज्यांच्यावर पातं जमिनीपासून बोटभर वर तरंगतं. पाणंदीतला मुरूम त्यामुळंच वाचला. उचलायला त्यांच्याकडं विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, असतो. तुम्ही ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर छोटा सिलिंडर लावलात, पण मध्ये साखळी ठेवलीत. सिलिंडर फक्त उचलतो, खाली दाबत नाही. पातं आपल्या वजनानं उंचसखल भागावर वरखाली होत राहतं.

आणि पात्याचा तिरका कोन धरून ठेवणारा तो बोल्ट! हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा, घालू नका, साधाच घाला, हे तुम्ही मला, माझ्या नवऱ्याला आणि ड्रायव्हरला वेगवेगळं बजावलंत. “मोडायचंच झालं तर दहा रुपयाचा बोल्ट मोडू दे, हाउसिंग न्हवं.” पुरानं वाहून आणलेल्या बाभळीच्या बुंध्याला पातं धडकलं त्या दिवशी बोल्टच तुटला. ड्रायव्हरनं खिशातला दुसरा काढून घातला आणि काम पुढं सुरू.

पाणी ओसरल्यावर तुम्ही स्वतः रानात आलात, हे तर बिलात नव्हतं. मागच्या टायरात पाऊण भागापर्यंत पाणी भरायला लावलंत, मागं वजन टांगलंत. आणि लगेच पातं घालू दिलं नाहीत. पातळ असताना गाळ पात्याच्या दोन्ही बाजूंनी परत आत येतो, भेगा पडल्यावर ढेकळं होतात. मधले थोडे दिवस पकडायचे. ते दिवस तुम्ही गाळात काठी खुपसून ठरवलेत. मग पहिल्या गिअरमध्ये, फोर-व्हील टाकून पातं लावलं, तर खरवसाच्या वड्या सुटाव्यात तसा गाळ कडेला पडत गेला. चुलवाणात जाळ घालणाऱ्या आमच्या जळव्यानं तर तेव्हाच जाहीर केलं की यंदा चिपाडही हातानं ओढणार नाही, आणि खरंच त्यानं सगळं अंगण पात्यानंच गोळा केलं. चिपाड हलकं, पातं वरून भरून वाहतं, पण त्याला कोण सांगणार.

पैशाचं बोलणं तुम्हाला आवडत नाही. तरी लिहिते: लोखंडाचे आणि मजुरीचे घेतलेत, डोक्याचे घेतले नाहीत.

आमच्या शेजारचे दोघं-तिघं तुमच्याकडं येतील. येताना चाकांचं बाहेरून बाहेरचं माप घेऊन या, आणि सहा फुटांचं नाव काढू नका, असं त्यांना सांगून ठेवलंय. त्यातल्या एकाचा ट्रॅक्टर टू-व्हील, म्हणजे फक्त मागच्या चाकांनी ओढणारा आहे, त्याला तुम्हीच काय ते समजवा. आमच्या पट्टीची एक कड संपली, उलटी करून घातली आहे. दुसरी पट्टी कापून ठेवा, मिरगाच्या आधी न्यायला येते. गुळाची ढेप त्याच फेरीला आणीन, नको म्हणू नका.

तुमची,
चिखलीकडची गुऱ्हाळवाली वैनी