गुण की खिडकीवरची रोख? आधी वजाबाकी करा

संपादक महोदय,

रेल्वेची ऑनलाइन तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसीच्या क्रेडिट कार्डांची ‘१० टक्के परत’ ही जाहिरात खोटी नाही, पण ती सगळ्यांसाठी नाही. बडोद्याहून मुंबई-पुण्याला जाणाऱ्या मराठी घरांनी तिकीट काढण्याआधी थोडी वजाबाकी करावी, यासाठी हे पत्र.

ही परतफेड गुणांच्या (रिवॉर्ड पॉइंट) रूपात मिळते. एसबीआयच्या आयआरसीटीसी कार्डावर एक गुण म्हणजे एक रुपया आणि हे १० टक्के फक्त वातानुकूलित वर्गांवर मिळतात. स्लीपरने जाणाऱ्याला ते नाहीत. समजा, चेअरकारचे एकट्याचे तिकीट ८०० रुपयांचे आहे. गुण मिळतील ८०. कार्डाने पैसे भरले की सुविधा शुल्क ३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ रुपये ४० पैसे. स्टेशनवरच्या आरक्षण खिडकीवर रोखीने काढले तर हे शुल्क नाही. हातात उरतात ४४ रुपये ६० पैसे. कार्डाची वार्षिक फी ३०० रुपये असेल तर करासह ३५४ होते. ती फिटायलाच अशी आठ तिकिटे लागतात!

चौघांचे एकच तिकीट काढले तर चित्र पालटते. सुविधा शुल्क माणशी नसून तिकिटामागे असते आणि एका तिकिटावर सहा जण बसतात. ३,२०० रुपयांवर ३२० गुण, शुल्क वजा जाता २८४ रुपये ६० पैसे. दोन फेऱ्यांत फी वसूल. म्हणून चौघांची चार वेगळी तिकिटे काढू नयेत.

सगळ्या कार्डांचा गुण एका रुपयाचा नसतो, हेही पाहावे. आपल्याच गावात १९०८ मध्ये सुरू झालेल्या बँक ऑफ बडोदाचे आयआरसीटीसी रुपे कार्ड २०२२ मध्ये आले, तेव्हा दर १०० रुपयांमागे ४० पर्यंत गुण जाहीर झाले. ते ४० रुपये नव्हेत. एका गुणाचे किती पैसे, हे आधी विचारावे.

गुण हुकतात ते बहुधा दोन चुकांनी. कार्डावरचा लॉयल्टी क्रमांक आयआरसीटीसीच्या खात्यात जोडलेला नसतो, किंवा तिकीट एजंटाकडून वा दुसऱ्याच ॲपवरून काढलेले असते. बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली नाही, तर महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे व्याज लागते आणि तीन-चार महिन्यांत १० टक्के फस्त होतात. तिकीट रद्द केले तर सुविधा शुल्क परत मिळत नाही. ई-तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण प्रतीक्षायादीतच राहिले तर ते आपोआप रद्द होते. खिडकीवरचे तसे होत नाही, पण परतावा घ्यायला खिडकीपर्यंत जावे लागते.

वर्षातून दोनदा स्लीपरने जाणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे : खिडकीवर रोख द्या. तिथवर जाणे जमत नसेल तर यूपीआयने भरा. स्लीपरला १० रुपये आणि जीएसटी एवढेच शुल्क पडते, कार्डाने १५ आणि जीएसटी.

ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के मिळत, तीही स्लीपरसकट आणि कुठल्याही कार्डाविना. ती सवलत परत येईपर्यंत निदान स्लीपरच्या तिकिटांवर गुण सुरू करावेत, आणि पैसे भरण्याच्या पानावर ‘शुल्क वजा जाता तुमचा फायदा इतके रुपये’ असे लिहावे, ही रेल्वेकडे मागणी आहे.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे