बंदरं ‘उघडली’ नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला चीनच्या बंदरांवरचा लेख वाचला. शांघायच्या नदीकाठाची छायाचित्रं सुरेख आहेत, त्याबद्दल अभिनंदन. पण ‘१८४२ मध्ये चीनने आपली पाच बंदरे जागतिक व्यापारासाठी उघडली’ हे पहिलंच वाक्य वाचलं आणि पुढचा लेख मी रागाने वाचला. त्या रागाचं कारण आमच्या घरातलं आहे.

गेल्या महिन्यात माझ्या नातीच्या चाचणी परीक्षेत नानकिंगच्या तहाचे, म्हणजे पहिल्या अफू युद्धात हरलेल्या चीनने १८४२ मध्ये ब्रिटनशी केलेल्या तहाचे, परिणाम विचारले होते. तिने लिहिलं, ‘ब्रिटिशांनी चीनला पाच बंदरं उघडायला लावली आणि हाँगकाँग घेतलं.’ पेपर घरी आला तेव्हा ‘उघडायला लावली’च्या खाली लाल रेघ, वर ‘उघडली’ अशी दुरुस्ती, आणि अर्धा गुण कापलेला. पोरीने सबंध उत्तर मला विचारून, समजून घेऊन लिहिलं होतं. एकतीस वर्षं मी इतिहास शिकवला आहे. न राहवून शाळेत गेले. बाई सभ्यपणे बोलल्या, मला बसायला खुर्ची दिली आणि गाइड उघडून त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. ‘आजी, इथे असंच दिलंय. आम्हाला याप्रमाणेच तपासावं लागतं.’ अर्धा गुण मिळाला नाही. त्याचं मला फारसं वाटलं नाही, पण काल तुमची पुरवणी हातात घेऊन नात माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘आजी, पेपरातही उघडलीच लिहिलंय. मग बाईंचंच बरोबर ना?’

संपादक महोदय, दार फोडून घरात शिरलेल्या माणसाला ‘यजमानांनी दार उघडलं’ असं आपण म्हणतो का? जुलै १८४२ मध्ये ब्रिटिश फौजेने झेनजियांग घेतलं. तिथेच महाकालवा यांगत्सेला मिळतो, म्हणजे बीजिंगकडे जाणारं धान्य अडलं. मग आरमार नानकिंगच्या तटाखाली येऊन उभं राहिलं आणि २९ ऑगस्टला तोफा रोखलेल्या असताना चिनी प्रतिनिधींनी एका ब्रिटिश युद्धनौकेवर जाऊन सह्या केल्या. ग्वांगझू, शियामेन, फुझौ, निंगबो, शांघाय ही बंदरं अशी ‘उघडली’. वर २ कोटी १० लाख डॉलरची भरपाई, चांदीत. त्यातले ६० लाख कशाचे, हे तुमच्या लेखात कुठेच नाही. ते अफूचे. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी सम्राटाच्या खास अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या अफू ताब्यात घेतली आणि ग्वांगझूजवळच्या हुमेनला खड्ड्यांत चुना-मीठ घालून नष्ट केली, तिचे पैसे. तहात अफूच्या व्यापाराला परवानगी देणारं एकही कलम नाही, पण बुडालेल्या अफूची किंमत मात्र वसूल झाली. व्यापार कायदेशीर करून घ्यायला पुढे दुसरं अफू युद्ध आणि १८५८ साल लागलं.

एवढा मोठा लेख, आणि त्यात ‘अफू’ हा शब्द एकदा येतो, तोही ‘चहा, रेशीम, अफू आदी वस्तू’ असा. आणि आपली मुंबई तर एकदाही येत नाही. माळव्याची अफू बैलांच्या तांड्यांवरून मुंबईला यायची, ईस्ट इंडिया कंपनी दर पेटीमागे परवान्याचे पैसे घ्यायची आणि इथल्या बंदरातून माल चीनला जायचा. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. त्यांनी उभारलेल्या रुग्णालयात माझी दोन्ही बाळंतपणं झाली, त्यांच्या दानाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आदर आहे म्हणून पैसा कुठून आला ते लिहायचंच नाही, असं होत नाही.

आणि ती युद्धनौका! तह जिच्यावर झाला ती ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली, जमशेटजी बोमनजी वाडियांनी, १८१३ साली. माझे वडील गोदीत सुतार होते. सागाचा कपचा हातात घेऊन नखाने त्याचा तेलकटपणा दाखवायचे आणि म्हणायचे, हे लाकूड शंभर वर्षं पाणी पितं आणि कुजत नाही. मुंबईच्या वाचकाला हे सांगायला तुमच्या लेखकांना दोन ओळी मिळाल्या नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

नकाशाही चुकला आहे. पाच बंदरांत त्यात तियानजिन दाखवलंय. ते या तहात नव्हतं, १८६० मध्ये आलं. फुझौ मात्र गायब आहे. शनिवारचं मुलांचं पान तुम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केलंत, तेव्हा मी पत्र लिहिलं होतं. ते छापलं नाहीत, उत्तरही आलं नाही. असा नकाशा त्या पानावर आला असता तर एखाद्या मुलानेच चूक पकडली असती.

लेखाच्या पहिल्या वाक्याची आणि नकाशाची दुरुस्ती कृपया छापावी, आणि शक्य तर त्याच पानावर, ठळक. नातीचा तो पेपर मी ठेवला आहे. दुरुस्तीचं कात्रण त्याला जोडून तिला द्यायचं आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
गिरगाव, मुंबई