रूळ गेले, वाट राहिली

ल्यों,
२१ सप्टेंबर

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. सायकल विकायला काढलीस हे वाचून वाईट वाटलं, पण तुला बोल लावणार नाही. भरधाव ट्रक हँडलला घासून गेल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. त्यानंतर माणूस सायकल चालवत असतो, पण सगळा जीव पाठीमागच्या आवाजाकडे लागलेला असतो. शेतं दिसत नाहीत, झाडं दिसत नाहीत. वहिनी ‘आता पुरे’ म्हणाल्या तेही काळजीपोटीच. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांना आहे, त्यांनाही वाचायला दे.

सायकल विकू नकोस. निदान पुढच्या वर्षापर्यंत थांब आणि दोघंही इकडे या. तुम्हाला अशा वाटेवर नेतो जिथे मागून काहीही येत नाही. आलंच तर एखादा म्हातारा आपल्या नातवंडाला घेऊन सायकलवर येईल, घंटी वाजवून ‘बाँझूर’ म्हणेल आणि पुढे जाईल.

ही वाट फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताच्या दक्षिण भागात आहे. ल्योंहून गाडीने उत्तरेला निघालं की माकों, तुर्न्यू, शालों अशी स्टेशनं लागतात. ही सगळी सोन नदीच्या काठची गावं. नदीच्या पश्चिमेला द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आहेत आणि त्या टेकड्यांमधून पूर्वी शालों ते क्ल्यूनी अशी रेल्वे जायची. ती बंद पडली, रूळ उखडले गेले. पण जिल्ह्याने ती पट्टी तुकडे करून विकून टाकली नाही. तिच्यावर डांबर घातलं आणि १९९७ साली जीव्री ते क्ल्यूनी ही ४४ किलोमीटरची वाट पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना खुली केली. फ्रान्समधल्या अगदी पहिल्या हरितमार्गांपैकी ती एक. इकडे अशा वाटेला ‘व्वा व्हेर्त’ म्हणतात. २००४ पासून तिला रहदारीच्या नियमांतही जागा आहे: मोटारगाडी चालणार नाही, चालणारे, सायकलवाले, स्केट्सवाले आणि घोडेस्वार यांना मुभा. निळ्या चौकोनी पाटीवर माणूस, सायकल आणि घोडा काढलेला असतो. ती पाटी दिसली की मी सुटकेचा श्वास टाकतो, अजूनही.

मूर्तिजापूरला वाढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको की रेल्वेची वाट कशी असते. आपली शकुंतला गाडी यवतमाळकडे निघाली की कशी शेताच्या कडेकडेने, चढ टाळत, वळणं घेत जायची. इथेही तसंच. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून जुन्या इंजिनिअरांनी टेकडी आली की खोदून काढली, ओढा आला की भराव घातला, पूल बांधला. त्या मेहनतीचं फळ आज सायकलवाल्याला मिळतं. टेकड्यांच्या मुलखात आहोत हे डोळ्यांना दिसतं, मांड्यांना कळत नाही. वहिनींना सायकलची सवय नाही असं तू लिहिलंस, पण या वाटेवर सवयीची गरज पडत नाही.

शकुंतलाचं नाव घेतलं म्हणून एक सांगून टाकतो. तिच्या मार्गावर सायकलींची वाट करा असं मी कधीच म्हणणार नाही. अचलपूर-यवतमाळच्या माणसांना गाडी हवी आहे आणि ती मिळायलाच हवी. इथे जिथे गाडी परत येण्याची शक्यताच उरली नव्हती, तिथे हा विचार झाला. मला भावतं ते एवढंच की जमिनीची ती लांब सलग पट्टी कुणी मोडू दिली नाही. एकदा मोडली असती, तर पुन्हा कुठल्याही पैशाने जोडता आली नसती.

आता वाट कशी आहे ते सांगतो. शालोंजवळच्या जीव्रीहून निघालं की दोन्ही हातांना द्राक्षमळे. ब्युसी नावाचं गाव लागतं, तिथे जुनं स्टेशन अजून उभं आहे. मग सें-जांगू, तिथल्या जुन्या गल्ल्यांतून एक चक्कर मारावी. मग कॉर्मातां, तिथे खंदकाने वेढलेला सतराव्या शतकातला वाडा आहे, बागेसकट. जिथे जिथे गाडीरस्ता आडवा येतो तिथे वाटेवर लाकडी आडकाठी लावलेली असते. सायकलचा वेग आपोआप कमी होतो आणि मोटार आत शिरू शकत नाही. त्या आडकाठीशेजारी बऱ्याच ठिकाणी फाटकवाल्याचं घर दिसतं. दोन खोल्या, विटांच्या कमानीची खिडकी, रुळांकडे तोंड केलेलं दार. आता तिथे कुणी कुटुंब राहतं, दारापुढे टोमॅटो लावलेले असतात, दोरीवर कपडे वाळत असतात. अशा एका घरापाशी मी पाणी मागितलं होतं. बाईंनी बाटली भरून दिली आणि वर सरबताचा ग्लासही दिला. भाषा अर्धीमुर्धीच, पण अडलं काही नाही.

पाण्यावरून आठवलं. फ्रान्सच्या खेड्यात तहान लागली तर दफनभूमी शोधायची. फुलझाडांसाठी तिथे हमखास नळ असतो. मात्र ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नये. आणि जेवणाचं वेळेवर बघायचं. दुपारी बारा ते दोन खेड्यातली दुकानं बंद असतात, आणि सोमवारी तर कित्येक ठिकाणी बेकरीसुद्धा बंद. सकाळीच पाव घेऊन ठेवायचा. या भागात शेळीच्या दुधाचं एक लहानसं चीज मिळतं, माकोने म्हणतात, वर निमुळतं आणि पेढ्यापेक्षा थोडं मोठं. गरम पाव, ते चीज आणि टोमॅटो. बांधावर बसून खाल्लं की दुसरं काही नको वाटतं. समोरच्या कुरणात शारोलेच्या पांढऱ्या गाई असतात. धिप्पाड, पण अगदी शांत.

क्ल्यूनीच्या अलीकडे टेकडीवर तेझे हे गाव आहे. १९४० मध्ये ब्रदर रोजे तिथे येऊन राहिले आणि त्यांच्याभोवती निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांतल्या बंधूंचा एक समुदाय जमला. उन्हाळ्यात जगभरची हजारो तरुण मुलं तिथे तंबूत राहतात आणि दिवसातून तीनदा एकत्र बसून गातात. एकेक ओळ, पुन्हा पुन्हा, कितीतरी भाषांत. मी धर्माने त्यांचा नाही, तरी भजनात वाढलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. वहिनींना तिथे थोडा वेळ बसायला नक्की आवडेल.

क्ल्यूनीत मात्र मुक्काम करायचाच. ९१० साली स्थापन झालेला मठ, आणि १०८८ पासून बांधत गेलेलं त्याचं तिसरं चर्च. रोममधलं सेंट पीटर्स नव्याने उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. लांबी १८७ मीटर. क्रांतीनंतर लोकांनी ते विकत घेऊन दगडासाठी पाडलं. आज सगळ्या चर्चचा जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे: क्रुसाच्या आकारातला एक उंच बाहू आणि त्यावरचा अष्टकोनी मनोरा. पण त्या एका बाहूत उभं राहून मान वर केली की बाकीचं किती असेल याचा अंदाज येतो आणि माणूस गप्प होतो. त्या गावात लवकर निजायचं नाही. संध्याकाळी रिकाम्या रस्त्यांतून फिरायचं.

दुसऱ्या दिवशी माकोंकडे. मध्ये बोगदा आहे, बुआ क्लेर नावाचा, १.६ किलोमीटर लांब. हाच रेल्वेचा बोगदा. बाहेर ऊन रणरणत असलं तरी तोंडाशीच थंड हवा अंगावर येते, म्हणून बाह्यांचा शर्ट हाताशी ठेवायचा. आत दिवे आहेत, तरी सायकलचा दिवा लावायचाच. छतातून पाणी ठिबकतं, टायरांचा आवाज भिंतीवरून परत येतो, आणि पलीकडचं तोंड नाण्याएवढं दिसायला लागतं. हिवाळ्यात हा बोगदा बंद ठेवतात, कारण तिथे वटवाघळं शीतनिद्रा घेतात. त्या महिन्यांत सायकलवाल्यांनी डोंगरावरून जायचं. वटवाघळांसाठी वाट सोडणं मला फार चांगलं वाटतं.

बोगद्यानंतर बेर्झेचा किल्ला, मग मळ्यांच्या वर उठलेला सोल्युत्रेचा कडा, मग माकों. तिथून सोनच्या काठाने, जुन्या नौकामार्गाच्या बांधावरून, तुर्न्यू करून शालोंला परत यायचं. सगळा फेरा साधारण दीडशे किलोमीटरचा. चार दिवस ठेवू, घाई कशाला? फक्त नदीला पूर असला तर काठाचा भाग पाण्याखाली जातो, म्हणून मार्च-एप्रिल नको.

तू लोआर नदीचा मार्ग विचारला होतास. तो सुंदर आहे, ९०० किलोमीटर आहे, राजवाडे आहेत, पण त्याचे बरेच टप्पे लहान गाडीरस्त्यांवरून जातात. गाड्या कमी असतात, पण असतात. मिदी कालव्याचंही मला फार आकर्षण आहे. पिएर-पॉल रिकेने १६६० च्या दशकात खोदायला घेतलेला, तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा. पण तिथले चिनारासारखे उंच प्लेन वृक्ष बुरशीच्या रोगाने मोठ्या संख्येने तोडावे लागले, आणि तुलूझपासूनचे पन्नासेक किलोमीटर संपले की काही भागांत माती आणि मुळांचे खड्डे. पुढे कधीतरी जाऊ. तुमची पहिली खेप धक्क्याविना व्हावी असं मला वाटतं. एक लक्षात ठेव: इकडे ‘व्हेलोरूत’ म्हणजे सायकलमार्ग, त्यात गाडीरस्ता असू शकतो. ‘व्वा व्हेर्त’ म्हणजे गाड्या नाहीतच. नकाशा बघताना हा फरक आधी तपासायचा.

सायकली आणायच्या भानगडीत पडू नका. इकडे भाड्याने मिळतात, मागे पिशव्या लावायची सोय असते, आणि वहिनींसाठी बॅटरीची सायकलही सांगून ठेवू. माझी सायकल मी ल्योंहून प्रादेशिक गाडीत चढवून आणेन. फक्त गादीच्या अर्ध्या चड्ड्या तिकडूनच शिवून किंवा घेऊन ये, इथे महाग पडतात.

मे अखेर किंवा सप्टेंबर, दोन्ही चालेल. मे मध्ये दिवस रात्री नवापर्यंत असतो, सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालू असते. व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा दिवाळीच्या आत कळव. निमंत्रणाचं पत्र मी इथून पाठवतो. वहिनींना माझा नमस्कार, आणि सायकल ज्याला देणार होतास त्याला आजच नाही म्हणून कळवून टाक.

तुझा,
मकरंद