स्फुरद कमी नाही, अडकलेले आहे

महोदय,

जांभ्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) नसते, तेव्हा डीएपी या स्फुरदाच्या खताची मात्रा दुप्पट करा, हा कालच्या शेतीच्या पानावरचा सल्ला वाचला. खतविक्रेत्यांनी लेखकाचे आभार मानले असतीलच.

स्फुरद असते, पण ही माती ते धरून बसते. दापोली-रत्नागिरीकडच्या मातीला तांबडा रंग देणारी लोहाची ऑक्साइडे आणि जोडीची ॲल्युमिनियमची, हे ते धरणारे हात. सुपर फॉस्फेट या दुसऱ्या स्फुरदाच्या खताचा एक दाणा घ्या. ओल्या मातीत तो पाणी ओढतो आणि त्याच्याभोवती जहाल आम्लाचा थेंब तयार होतो, सामू (पीएच, ७ च्या जितका खाली तितके आम्ल जास्त) दीडच्या आसपास. हा थेंब भोवतालचे लोह, ॲल्युमिनियम विरघळवतो आणि स्फुरद त्यांच्याशीच जोडी जमवून साक्यासारखे खाली बसते. उरलेले ऑक्साइडच्या कणांना चिकटते. पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला येते ते साधारण १५ ते २० टक्के. अशा मातीत डीएपी असो की सुपर, फोकून देणे म्हणजे कणाकणाला घरपोच देणे. दुप्पट फोका, कण नाही म्हणणार नाहीत.

डीएपी, सुपरसारखे पाण्यात विरघळणारे खत दाणेदार घ्यावे आणि ओळीत, बियाण्याच्या बाजूला व ५ सेंमी खाली पेरावे. मातीशी लगट जितकी कमी, तितके पिकाला जास्त. रॉक फॉस्फेटचे, म्हणजे दळलेल्या स्फुरदाच्या दगडाचे, नेमके उलटे. ते पिठासारखे बारीक हवे आणि मातीत नीट कालवलेले हवे, कारण त्याला विरघळवणार ते मातीचे आम्लच. सामू ५.५ च्या खाली असेल तर ते कामाला येते, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत नुसते पडून राहते. त्याच्याबरोबरच चुना टाकला की तेच आम्ल मारले जाते. सुपर फॉस्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावे, कुजताना सुटलेली सेंद्रिय आम्ले कणांवरच्या जागा आधीच अडवतात.

लेखासोबतचा फोटो तर कहर आहे. हापूसच्या बुंध्याला टेकून खताचा ढीग! स्फुरद मातीत बोटभरही सरकत नाही आणि अन्न घेणारी मुळे फांद्यांच्या घेराखाली असतात. १० वर्षांच्या कलमाला ५०० ग्रॅम स्फुरद (पी-टू-ओ-फाइव्ह या ऑक्साइडच्या हिशेबात), म्हणजे ३ किलोच्या आसपास सुपर फॉस्फेट, घेराच्या थोडे आत वीतभर खोल गोल चर काढून द्यायचे असते. बुंध्याशी ओतून काय साधणार, ते छायाचित्रकाराला ठाऊक.

आणि भाताचे काय? खाचरात पाणी तुंबले की हवा संपते, लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरलेले स्फुरद सुटते. म्हणून भाताला चणचण कमी भासते. कापणीनंतर खाचर वाळले की तेच लोह ताजे, बारीक ऑक्साइड होऊन बसते आणि आधीपेक्षा घट्ट धरते. त्या जमिनीत मागून घेतलेला भुईमूग खुरटा, गडद हिरवा राहतो; शेतकरी बियाण्याला दोष देतो. यावर लेखात अवाक्षर नाही.

‘डीएपीत ४६ टक्के फॉस्फरस’ हेही छापून झाले. ४६ टक्के आहे ते पी-टू-ओ-फाइव्ह, म्हणजे फॉस्फरसचे ऑक्साइड. खरा फॉस्फरस २० टक्के. रुपये आणि डॉलर एकाच रकान्यात मांडल्यासारखे हे आहे, आणि माती परीक्षणाच्या अहवालातही हाच घोळ असतो. माझ्यासमोर आत्ता एक अहवाल आहे: सामू ५.३, ‘उपलब्ध स्फुरद ९ किलो प्रति हेक्टर, कमी’. ९ किलो कशाचे, फॉस्फरसचे की पी-टू-ओ-फाइव्हचे? स्फुरद मोजण्याची पद्धत ब्रेची की ऑल्सेनची? रकाना कोरा. आम्लधर्मी मातीला ब्रे, चुनखडीच्या मातीला ऑल्सेन, कारण ब्रेचे आम्ल चुन्यातच खर्ची पडते आणि आकडा खोटा कमी येतो. दोघांचे आकडे एका तक्त्यात तोलता येत नाहीत. नमुना कलमाच्या खत घातलेल्या चरातून घेतला की मोकळ्या जागेतून, तेही लिहिलेले नाही. या ९ किलोवर तो बागायतदार यंदा खत घेणार आहे.

पत्राला कात्री लावायचीच असेल तर विक्रेत्यांचे वाक्य काढा. ब्रे आणि ऑल्सेन राहू द्या, प्रयोगशाळेच्या खिडकीशी विचारायला कुणाला तरी ती नावे लागतील.

— एक वाचक, चिपळूण