डबीतल्या दिव्याने जुन्या गाडीचा गंज थांबत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दर्यापूर-अकोट भागात सध्या गाड्यांना 'इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्र' बसवून देणारे विक्रेते फिरत आहेत. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, बॅटरीला जोडायच्या दोन वायरी, बॉडीला चिकटवायच्या एक-दोन चकत्या आणि लुकलुकणारा हिरवा दिवा. किंमत साडेसहा हजारांपासून पुढे. नव्या गाडीवाले या भानगडीत पडत नाहीत. घेतात ते जुनी जीप, जुना टेम्पो, जुनी ओम्नी राखून असलेले लोक. १५ वर्षांनंतर चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झालं. एवढे पैसे भरून गाडी पुन्हा रस्त्यावर आणली की ती सडू नये असं वाटणारच, आणि विक्रेता नेमका तिथेच गाठतो. मी पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करतो. आयटीआयमधून शीट मेटलचा ट्रेड केला, तेव्हापासून सडलेला पत्रा कापून नवा लावणं हीच माझी रोजी. म्हणून स्पष्ट लिहितो: या डब्यांनी जुन्या गाडीचा गंज थांबत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी भाऊ आपली कमांडर जीप घेऊन दुकानात आले. म्हणाले, "भाऊ, डबी बसवली तरी पाय ठेवतो तिथं पत्रा दबून रायला. पाहा बरं काय झालं तं." बॉनेट उघडलं तर दिवा व्यवस्थित सुरू होता. मग ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं. खाली पोटॅश खताचे दाणे विरघळून पत्र्याला खरपुडीसारखे बसले होते आणि त्यांच्याभोवती पत्र्याचे पापुद्रे सुटले होते. पेचकस नुसता टेकवला, दाबायचीही गरज पडली नाही, आरपार गेला. डबीची चकती तिथून हातभर अंतरावर, रंगावर चिकटवलेली होती. मी क्रॉसमेंबरपर्यंतचा, म्हणजे फ्लोअरखालच्या आडव्या पट्टीपर्यंतचा, पत्रा कापून काढला. डबीचे पैसे आणि माझी मजुरी असा दोन्हीकडून खर्च त्या माणसाच्या डोक्यावर बसला. असे लोक आता वरचेवर येतात, म्हणून हे पत्र.

विक्रेते सांगतात की यंत्र बॉडीला इलेक्ट्रॉन पुरवतं, म्हणून लोखंड गंजत नाही. हे ऐकायला खरं वाटतं, कारण त्यामागे एक खरं शास्त्र आहे. लोखंड गंजतं तेव्हा पत्र्याच्या एका जागेवरून लोखंड पाण्यात उतरतं, त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच शेजारच्या जागेकडे जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. बाहेरून पुरेसे इलेक्ट्रॉन दिले तर लोखंडाला स्वतःचे सोडावे लागत नाहीत. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये इंग्रजी युद्धनौकांच्या तळाचं तांबं झिजू नये म्हणून त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडायचा उपाय सुचवला, तो याच तत्त्वावर. आज जहाजं, जमिनीखालचे पाइप आणि टाक्या यांचं रक्षण असंच केलं जातं. पण तिथे एक अट पाळलेली असते. ज्या तुकड्याकडून किंवा दांड्याकडून प्रवाह यायचा तो आणि ज्याला वाचवायचं ते लोखंड, दोन्ही एकाच पाण्यात किंवा एकाच ओल्या मातीत बुडालेले असतात. प्रवाह त्या ओलीतून वाहतो आणि मगच फेरा पूर्ण होतो. जीप रबरी टायरवर, हवेत उभी असते. मडगार्डच्या आत ओला चिखल, फ्लोअरच्या कोपऱ्यात थोडं पाणी, दाराच्या तळाशी दमट धूळ, आणि या सगळ्यांच्या मधे कोरडा रंगवलेला पत्रा. चकतीकडून त्या चिखलापर्यंत प्रवाहाला वाटच नाही. शिवाय चकती चिकटवलेली असते रंगावर, आणि रंग वीज अडवतो.

आणखी एक गोष्ट कोणताही वायरमन सांगेल. आपल्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीलाच जोडलेला असतो. बॉडीला बॅटरी जोडल्याने गंज थांबत असता, तर गावातली एकही जीप सडली नसती.

हे मी दुकानात करून पाहिलं. एकाच पत्र्याचे दोन तुकडे कापले, दोन्हींवर सारखा रंग मारला, खिळ्याने सारखे ओरखडे ओढले. एकाला एका गिऱ्हाइकाने काढून दिलेली डबी बॅटरीसकट जोडली, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही शेडच्या बाहेर टांगून रोज बोअरचं पाणी शिंपडलं. ओरखडे दोन्हीकडे सारखेच लाल झाले. तिसरा तुकडा त्याच बोअरच्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि त्याला जुन्या टॉर्चच्या सेलचं जस्ताचं टरफल तारेने घट्ट बांधलं. तो बादलीत असेपर्यंत जवळजवळ स्वच्छ राहिला आणि जस्त झिजत गेलं. तोच तुकडा जस्तासकट बाहेर टांगून पाणी शिंपडायला लागलो, तेव्हा जस्तापासून लांबच्या टोकाला गंज धरला. शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा, खर्च काहीच नाही.

विजेने गाडीचं गंजापासून रक्षण होतं ते कारखान्यात. तिथे आख्खी बॉडी प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या, हौदात बुडवून प्रवाह देतात, म्हणजे प्रायमर सांध्यांत आणि पोकळ भागांतही जाऊन बसतो. अलीकडच्या अनेक गाड्यांचा पत्राही जस्त चढवलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या जीप आणि टेम्पो बहुतेक साध्या पत्र्याचे, वरून रंग मारलेले. म्हणूनच ते लवकर सडतात, आणि म्हणूनच डबी त्यांना विकली जाते.

मग काही लोक 'फरक पडला' असं का म्हणतात? डबी विकली जाते ती बहुधा हिवाळ्यात, प्रदर्शनांच्या दिवसांत. हवेतली ओल साठ टक्क्यांच्या खाली असली की स्वच्छ पत्र्यावर गंज फारच हळू चढतो. आमच्याकडे फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत हवा कोरडी ठणठणीत. त्या महिन्यांत डबी नसलेली गाडीही फारशी गंजत नाही. खरी परीक्षा मृगापासून सुरू होते. हमीपत्रही मी वाचलं. त्यात बारीक अक्षरांत लिहिलं आहे की 'आधीपासून गंज असलेल्या जागेला' हमी लागू नाही. पंधरा-वीस वर्षांच्या जीपला आधीपासून गंज नसलेली जागा कुठली? म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाच्या हातात कागदावरही काही उरत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात 'रस्ट इव्हेडर' नावाच्या अशाच यंत्रावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, गंज थांबवण्याचे दावे खोटे असल्याचं सांगून कारवाई केली होती. तीस वर्षांपूर्वी तिथे उघडं पडलेलं दुकान आज आमच्या खेड्यांत थाटलं जातंय, याचा मनापासून संताप येतो.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी खारं, आणि तेच पाणी पाइपने मारून लोक गाडी धुतात. वाळल्यावर पत्र्यावर पांढरा थर राहतो. तो पाऊस नसतानाही हवेतली ओल धरून ठेवतो आणि क्षारामुळे ओलीतून गंजाचा प्रवाह जोरात चालतो. पोटॅश खत, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, हे पोटॅशियम क्लोराइड असतं, हाही क्षारच. अंजनगाव-परतवाड्याकडचे संत्रेवाले बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या पाण्यात, विळा बुडवून पाहतात, त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवतात. मोरचुदाचं पाणी टेम्पोच्या हौद्यात, म्हणजे माल भरायच्या भागात, सांडलं की गाडीच्या पत्र्यावरही तेच तांबं चढतं आणि त्याच्या कडेचं लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. फवारणीचे ड्रम नेणाऱ्या टेम्पोचे हौदे मला सर्वांत आधी कापावे लागतात.

तेव्हा साडेसहा हजार खर्चायचेच असतील तर असे खर्चावेत. गाडी शेततळ्यातल्या किंवा नळयोजनेच्या गोड्या पाण्याने धुवा, खालून आणि मडगार्डच्या आतून. दारांच्या तळाची आणि फ्लोअरची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. माझ्या मते निम्मा गंज ती बुजल्यामुळेच होतो. मॅट काढून पत्रा उन्हात वाळू द्या. खत आणि फवारणीचं सामान ताडपत्री अंथरूनच भरा, गोठ्याला लागून गाडी उभी करू नका. गंज दिसला की वायर ब्रशने चकचकीत पत्रा येईपर्यंत घासून जस्तयुक्त प्रायमर, नाहीतर निदान रेड ऑक्साइड मारा आणि वरून रंग द्या. नुसत्या गंजावर काळा डांबरी लेप फासून घेऊ नका, आत ओल कोंडून पत्रा आणखी लवकर जातो. पोकळ भागांत वर्षातून एकदा पावसाळ्याआधी मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारून घ्या. जळकं ऑइल मारायची जुनी रीत काही प्रमाणात काम देते, पण ते ब्रेकला आणि रबरी बुशला लागू देऊ नये, आणि ते गळून शेतात-विहिरीत जातं म्हणून मी ते कोणाला सुचवत नाही.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांना आणि प्रदर्शनं भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. या यंत्राची जाहिरात किंवा स्टॉल घेण्याआधी विक्रेत्याकडे एकच कागद मागा: ओरखडे पाडलेल्या रंगीत पत्र्यांवर, यंत्र लावून आणि न लावता, मिठाच्या फवाऱ्यात केलेल्या चाचणीचा अहवाल. रंगाच्या कंपन्या ही चाचणी नेहमी करतात, त्यामुळे ती करता येत नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

ज्यांनी डबी आधीच घेतली आहे त्यांनी पावती, हमीपत्र आणि सडलेल्या पत्र्याचे तारखेसह फोटो जपून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. विक्रेता पावती द्यायला नाही म्हणाला तर डबी बसवून घेऊ नये.

आपला,
एक वेल्डर, दर्यापूर (जि. अमरावती)