केसपेपरवर 'का' लिहिलेले हवे

महोदय,

सार्वजनिक रुग्णालयांची चर्चा निघाली की ती खाटा, औषधे आणि रिक्त पदांपाशी येऊन थांबते. ते प्रश्न खरेच आहेत. पण डॉक्टर हजर असताना, औषध उपलब्ध असतानाही निर्णय कसा चुकतो, हे मी वडिलांच्या उशाशी बसून पाहिले आहे.

धाप लागते म्हणून त्यांना दाखल केले होते. संध्याकाळच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, सोडियम उतरले होते; लघवी होण्याच्या गोळीने ते आणखी उतरून रुग्णाला भ्रम होऊ शकतो, म्हणून ती गोळी थांबवली. केसपेपरवर गोळीच्या नावापुढे दोनच शब्द होते, 'आजपासून बंद', आणि खाली सही. रात्री पाळी बदलली. नव्या डॉक्टरांनी पायावरची सूज दाबून पाहिली, बोट रुतले, त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. ती सूज पाहून कोणीही तेच केले असते. तिसऱ्या दिवशी वडील आम्हाला ओळखेनात. गोळी का थांबवली हे ठाऊक असलेल्या सिस्टर त्या रात्री पलीकडच्या खाटेपाशी सलाईन लावत होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. विचारायची पद्धतच तिथे नव्हती.

वडील सावरले. दोन्ही डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, दोघेही मन लावून काम करणारे होते. पाळी बदलताना निर्णय तेवढा पुढे गेला, त्यामागचे कारण मागेच राहिले.

यावर उपाय शोधून झालेला आहे. अमेरिका आणि कॅनडातील नऊ ठिकाणच्या बालरुग्ण विभागांत पाळी बदलताना रुग्णाची माहिती ठरलेल्या क्रमाने द्यायची पद्धत लावली गेली. रुग्ण किती गंभीर, आतापर्यंत काय झाले, काय करायचे बाकी आहे, अमुक बिघडले तर काय करायचे. आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे. मला यातले शेवटचे सर्वांत मोलाचे वाटते, कारण ऐकणाऱ्याला नीट कळले की नाही, हे तिथल्या तिथे समजते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या. माहिती देण्याचा वेळ मात्र जवळपास तेवढाच राहिला. शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या १९ मुद्द्यांच्या यादीतही चमूतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. ओळख झाली की परिचारिकाही शंका बोलून दाखवायला कचरत नाही.

आरोग्य विभागाने केसपेपरच्या छापील नमुन्यात 'कारण' असा एक रकाना वाढवावा आणि पाळी बदलतानाच्या बोलण्यात सिस्टरना धरावे, एवढीच मागणी आहे. गर्दीत हे जमणार नाही, असे म्हटले जाईल. 'सोडियम कमी म्हणून बंद' हे लिहायला फार वेळ लागत नाही. आणि तेच आम्हा नातेवाइकांनाही सांगितले असते, तर रात्री ती गोळी पुन्हा समोर आली तेव्हा मीच विचारले असते.

– एक वाचक